चाकापाशीचा करडा डाग

संग्रहालयात सगळे तिला बोळेताई म्हणत. जुन्या चित्रांवरचा मळ काढणे हे तिचे काम, आणि हीच तिची पूजा. कापसाचा इवलासा बोळा जिभेवर ओला करावा, चित्रावरून हलकेच फिरवावा; लाळेइतके मायाळू औषध नाही, असे या कामातले जुने लोक मानत. आई मात्र म्हणे, "घरात जळमटं लोंबतायत, आणि ही लोकांची चित्रं थुंकीनं पुसतेय. हात पोचला असता तर चंद्रावरचा डागही पुसला असतास गं."

त्या दिवशी तिच्यापुढे साडेतीनशे वर्षांपूर्वीचे डच चित्र होते. ओढ्याकाठी दोन पाणचक्क्या, गवताने शाकारलेली छपरे, आणि वर आभाळ, एवढे अफाट की माणसाचा ताठा आपोआप गळून पडावा. एका चाकाच्या पायथ्याशी करडा डाग पसरला होता. प्रमुखांनी बजावले होते: तो आजच काढा, उद्या चित्र भिंतीवर लागायचे आहे.

बोळा ओला झाला, हात उचलला गेला, आणि तिथेच थबकला. हा मळ असेल तर ठीक. पण रंग असेल, तर एकदा पुसलेला पुन्हा कोण आणून देणार?

ती उठली, पार समोरच्या भिंतीला पाठ लावून पाहू लागली. करडेपण एकाच चाकापाशी होते, दुसरे चाक कोरडे ठणठणीत. धूळ कधी अशी आपपरभाव करते का? तिची नजर पाण्याचा माग काढत वर चढली. करड्या चाकावर पाणी सोडणाऱ्या पाटाचे दार उघडे, दुसऱ्याचे बंद. एक चक्की राबत होती, दुसरी विसावली होती. तो डाग नव्हता, फिरत्या चाकाने उधळलेले तुषार होते! कापड निश्चल, रंग निश्चल, आणि त्या निश्चलात शतकानुशतके चाक फिरते आहे. तिचे हात जोडले गेले.

"अजून तसाच?" प्रमुख आत आले. "बोळेताई, जीभ सुकली की काय?"

"साहेब, तो मळ नाही. पाणी आहे."

"मला तर मळच दिसतोय."

"मग तो दुसऱ्या चाकाला का नाही? तिथलं दार बंद आहे, बघा. हे चाक चालू आहे."

प्रमुखांनी एक दार पाहिले, मग दुसरे. "आणि तुमचं चुकलं तर?"

"तर मळ उद्याही काढता येईल. पाणी एकदा गेलं की गेलं."

"बरं. फक्त वर बसलेली धुराची पिवळट साय काढा. त्याखाली जाऊ नका."

बोळा फिरू लागला, श्वासाइतका हलका. पिवळेपण विरले आणि करड्यात पांढरे थेंब एकेक करून जागे झाले. चित्रावर वाकलेल्या प्रमुखांनी, अंगावर शिंतोडे यावेत तसे, नकळत पाऊल मागे घेतले.