नीट भांग पाडलेलं पोरगं

"अहो, ह्याचा भांग बघा किती नीट पाडलाय. हाच मारणार."

रविवारी दुपारी चारला ही असं म्हणाली आणि शेंगदाण्यांची बशी माझ्याकडे सरकवली. आम्ही दोघं पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो. टीव्हीवर कुठला तरी परदेशी पिक्चर, माणसं हिंदीत बोलणारी. दहा मिनिटांत त्या भांगवाल्या पोरानं आजोबाला जिन्यावरून ढकललं. ही तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मी म्हणालो, "म्हातारा मेला आणि तू हसतेस?"

"मेला कुठं? पोट हलतंय बघा त्याचं."

आमचं एकत्र बसणं ते शेवटचं. सोमवारी ती गेली.

कोथरूडात राहणाऱ्यांनी, त्यातून ज्यांच्या घरी दोघंही नोकरीला जातात त्यांनी, अशी बाई बघितलीच असेल. तळमजल्यावर दोन खोल्या, दाराबाहेर इवल्या इवल्या चपला, आत कुणी रडतंय, कुणी वरणभात थुंकतंय. पाळणाघरवाल्या काकू. आम्हाला मूल झालं नाही. मी रिटायर होईपर्यंत कारखान्यात लेथ मशीनवर होतो, शिक्षण चौथी. कामावरून आलो की घर दुसऱ्यांच्या पोरांनी भरलेलं असायचं.

सातला शेवटचं पोर गेलं की ती लादी पुसायची, चहा टाकायची आणि पिक्चर लावायची. लहान पोरं खून करतात, असलाच. दुसरं काही तिला चालायचं नाही. मालिका लावली तर म्हणायची, "ह्या बायका दिवसभर नटून बसतात, ह्यांच्या घरात कुणी शी करत नाही का?"

पिक्चरातल्या पोरांची ती परीक्षा घ्यायची. "हे खोटं आहे. खोडी काढायच्या आधी पोर दाराकडे बघतं, कोण येतंय का म्हणून. हे सरळ सुरीकडे बघतंय. पिक्चर काढणाऱ्याला पोर नसणार."

"तुला तरी कुठं आहे?" मी म्हणायचो. माझं तोंड असंच.

"मला बारा आहेत. सातपर्यंत."

पिक्चर सगळे स्वस्तातले. रक्त बघून कोकमाचं सरबत आठवायचं. दार आपटलं की भिंत हलायची. एकच खोली, पडदे बदलले की दुसऱ्याचं घर. मी हिणवायचो. ती म्हणायची, "खरं वाटत नाही म्हणून तर बघते. खरं वाटलं असतं तर बघवलं असतं का?"

मोठ्या खर्चाचा पिक्चर मात्र तिला आवडायचा नाही. त्यात पोराच्या अंगात भूत शिरतं, मग कुणी तरी येऊन ते उतरवतं, पोर परत गोड. "म्हणजे पोराचं काहीच नाही, सगळं भुताचं," ती म्हणायची. "आपल्या स्वस्तातल्या पिक्चरवाल्यांकडे भुताला पैसे नसतात. त्यामुळे पोर स्वतःच वाईट निघतं. दिवसभर आया मला सांगतात, काकू, आमचा मुळातच शांत आहे हो." मग मनगट पुढं करायची. त्यावर शांत पोराचे चार दात उठलेले असायचे.

एकदा अशाच एका पिक्चरात आई आत कोंडून बसली होती. बाहेर तिची मुलगी, हातात कोयता. मुलगी म्हणाली, आई, भूक लागली. आणि आईनं कडी काढली.

मी म्हणालो, "मूर्ख आहे बाई."

हिनं बशीतली सालं गोळा केली. मग म्हणाली, "मीपण काढली असती. मारणारं असलं तरी चाललं असतं मला. आपलं असतं ना." टीव्हीकडे बघतच म्हणाली. असं ती आधी कधी बोलली नव्हती, नंतरही नाही. मी चहा प्यायलो.

आता जे लिहायचंय ते लिहितो.

त्यानंतर महिन्याभरानं पाळणाघरातल्या एका मुलीची आई, आमच्याच सोसायटीत वर राहणारी, घरी गेली आणि पाण्याची बाटली विसरली म्हणून परत आली. दार उघडंच होतं. टीव्हीवर एक मुलगी हातोडा घेऊन पलंगापाशी उभी. बाई जागच्या जागी थांबली.

"काकू, तुम्ही हे बघता? आमची मुलं असतात इथे."

ही उठली. उत्तर तिच्याकडे होतं. पोरं असताना टीव्ही कधी लागला नव्हता. पण मला लाज वाटली. चार घरांत बोललं जाईल, तोंड कसं दाखवायचं, एवढंच माझ्या डोक्यात. मीच आधी बोललो.

"हिला स्वतःचं नाही ना मॅडम, म्हणून डोकं असं चालतं. मारणारं असलं तरी पोर हवंच होतं म्हणते. तिनंच सांगितलं मला."

बाईनं मान खाली घातली. सॉरी काकू, म्हणाली आणि बाटली घेऊन गेली. मुलगी दुसऱ्या दिवशीही आली. म्हणजे मी बोललो ते उपयोगी पडलं होतं.

हिनं टीव्ही बंद केला. कप उचलता उचलता म्हणाली, "ते मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

एवढंच. भांडली असती तर मी आवाज चढवला असता आणि प्रकरण मिटलं असतं. आठ दिवस पिक्चर लागला नाही. नवव्या दिवशी लावला, बशी माझ्याकडे सरकवली, आणि मी समजलो, झालं. माफी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती, असं स्वतःला सांगत आलो.

त्या सोमवारी दुपारी पोरांना झोपवताना ती त्यांच्यातच आडवी झाली. मी बाहेरच्या खोलीत पेपर चाळत होतो. साडेतीनला सगळ्यात धाकटी बाहेर आली आणि म्हणाली, "काका, काकू उठत नाही."

तेरावा झाल्यावर सोसायटीनं पार्किंगमध्ये शोकसभा ठेवली. खुर्च्या कमी पडल्या. तिच्या हाताखाली वाढलेले, आता हिंजवडीला नोकरी करणारेसुद्धा आले. सेक्रेटरी म्हणाले, काका, आपण दोन शब्द बोला. काकूंना कशाची आवड होती, ते सांगा.

सगळे माझ्याकडे बघत होते. ती बाटलीवाली बाईही होती. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "देवभोळी होती. संध्याकाळी भजनं ऐकायची."

लोकांनी डोळे पुसले. सेक्रेटरींनी लगेच जिन्याजवळच्या फळ्यावर लिहिलं, भजनात रमणाऱ्या आमच्या काकूंना सोसायटीतर्फे श्रद्धांजली. अक्षर सुरेख होतं. मी ते दोनदा वाचलं. जिवंतपणी एकदा तिला वेडी ठरवलं, आता मेल्यावर दुसरीच बाई करून टाकली. दोन्ही वेळा लाज माझी, आणि भरलं तिनं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर, मी फळा पुसला. खडू घेतला. माझं अक्षर मोठं आणि वाकडं, चार ओळींतच फळा भरला.

काकूंना भजनाची आवड नव्हती. लहान पोरं माणसं मारतात असले स्वस्तातले पिक्चर त्यांना फार आवडायचे. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. काल मी खोटं बोललो.

खाली माझं नाव टाकलं.

ऑफिसच्या घाईत पहिली तीच बाई जिना उतरली. हेल्मेट हातात घेऊन तिनं सगळं वाचलं.

"काका, हे राहू द्यायचं?"

"राहू द्या. आणि तुम्हाला मागं जे सांगितलं ना, ते तिनं माझ्या एकट्यापाशी बोललेलं होतं. ते मी सांगायचं नव्हतं."

तिनं मान हलवली. जाता जाता थांबली आणि म्हणाली, "त्यातला एखादा बघेन म्हणते. नाव सांगता?"

मी आठवायला लागलो. इतकी वर्षं शेजारी बसून शेंगदाणे खाल्ले. मला एकाचंही नाव सांगता आलं नाही.

"माहीत नाही," मी म्हणालो. तिची गाडी फाटकाबाहेर गेली. हात खडूनं पांढरे झाले होते, ते धुवायला मी घरात गेलो.