फ्लेक्सवरची ओळ

बर्फातल्या पोस्टवर चढण्याआधी आमचं दहा जणांचं सेक्शन दीड महिना बेस कॅम्पला होतं. मी मुलुंडचा, लान्स नाईक कदम विक्रोळीचा. त्याच्या धाकट्या भावाचं तिथे फ्लेक्स छापायचं दुकान. माणूस गेल्यावर घरचे कसला भयानक फोटो देतात, याचा कदमला दांडगा अनुभव. आपल्या सेक्शनवर ती वेळ येऊ द्यायची नाही, असं त्याने ठरवलं. आंघोळी उरकल्या की एकेकाला उन्हात उभं करून तो फोटो काढायचा.

"हसू नको रे. श्रद्धांजली आहे, साखरपुडा नाही."

नावाखाली एक ओळही हवी होती. मी म्हटलं, "कर्तव्यदक्ष जवान."

"ते सगळ्यांनाच लिहितात, यार. तुझं काय ते सांग."

मला काही सुचेना. एकतीस वर्षांचा घोडा, आणि सांगण्यासारखी एक ओळ नाही. चिडून मी त्याला वाट्टेल ते बोललो. पुढे कदम रजेवर गेला आणि सगळं भावाच्या कॉम्प्युटरवर टाकून आला.

"तुझी ओळ मीच लिहिली," म्हणाला. "मेल्याशिवाय दिसणार नाही."

पोस्टवरच्या अकराव्या दिवशी, सकाळी ०६४० ला, पेट्रोलिंगवर असताना वरचा बर्फ सुटला. मी गळ्यापर्यंत गाडला गेलो. अशा वेळी देव आठवतो म्हणे. मला ती ओळ आठवली. न वाचता मरायचं अगदी जिवावर आलं.

शेजारी हवालदार साहेब वायरलेस सेटवर बोलत होते. "एक सापडला. एक मिसिंग. ओव्हर."

मला ०७१० ला बाहेर काढलं. कदम ०९२५ ला सापडला. मी तिथेच बसून रडलो. साहेबांनी रडू दिलं.

त्याला घेऊन मी विक्रोळीला आलो. भावाने दुकानातला कॉम्प्युटर उघडला. नऊ जणांचे नऊ फ्लेक्स तयार होते. माझा तो ताठ उभा फोटो नव्हताच. कानाला फोन लावून मी खो खो हसत होतो, कदमने कधी टिपलं कोण जाणे. खाली लिहिलं होतं, 'मुलीला फोनवर गोष्ट सांगताना हा वाघाची डरकाळी स्वतः फोडायचा.' मी ते उभ्या उभ्या तीनदा वाचलं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत घरचा एकही फोन मी घाईत ठेवला नाही.

"दादाने स्वतःचं बनवलंच नाही," भाऊ म्हणाला. "काय लिहू?"

"लिही, याने आम्हा नऊ जणांकडे नीट पाहिलं."

त्याने टाइप केलं. डोळे पुसले. "अक्षर बारीक करावं लागेल."

"अक्षर राहू दे," मी म्हटलं. "फ्लेक्स मोठा कर."