मला काही जाणवलं नाही

माझे मिस्टर गेले त्या दिवशी, अगदी त्याच सुमाराला, मी शाळेत खिचडी खात होते. शनिवार होता, सकाळची शाळा, म्हणून खिचडी लवकर झाली होती. आमच्या स्वयंपाकीणबाईंनी तिच्यात ताजे वाटाणे टाकले होते. चव छान उतरली होती, मी दुसऱ्यांदा वाढून घेतली. बाई म्हणाल्या, "मॅडम, आज भूक लय लागली वाट्टे तुमाले." मी हसले.

त्या वेळेला मुकुटबनच्या कापसाच्या जिनिंगमध्ये हे रुईच्या गाठींजवळ स्टुलावर बसले, पाणी मागितलं आणि पाणी यायच्या आत कलंडले. हे तिथे फिटर होते. सीझन भरात होता, रविवारीही सुट्टी नव्हती.

माझी शाळा झरी जामणी तालुक्यात पार आत, कोलामांच्या पोडावर. वीस-पंचवीस घरं, भोवती सागाचं जंगल, मोबाइलला रेंज नाही. जिनिंगमधला माणूस निरोप घेऊन आला तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मुलं घरी गेली होती. मी हजेरीपट पूर्ण करत बसले होते. तो म्हणाला, "मॅडम, साहेबांची तब्येत जराशी बिघडली. वणीले नेलं. तुमी चला." मी त्याच्या पायांकडे पाहिलं. तो मोटारसायकलवर अनवाणी आला होता. ते पाहून मला कळलं. त्याच्या आधी काहीच कळलं नव्हतं.

आम्ही बौद्ध. शकुन, अपशकुन, कावळा शिवणं, असलं आमच्या घरात कधी चाललं नाही. हे तर या बाबतीत फारच पक्के. मांजर आडवं गेलं म्हणून कोणी थांबलं तर हे मुद्दाम त्याच्या पुढून गाडी काढायचे. पण घरात माणूस गेल्यावर लोक जमतात आणि बसल्या बसल्या बोलायला काहीतरी लागतं. ढाणकीहून सासूबाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या सकाळी माह्या हातून दुधाचं पातेलं सुटलं. तवाच जीव चरकला." नणंद म्हणाली, आदल्या दिवशी तिला दादा स्वप्नात दिसला, पाठमोरा. मुलगी पुण्याहून आली, माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, मला सकाळपासूनच कसंतरी होत होतं गं. ऑफिसात लक्षच लागत नव्हतं."

मग शेजारच्या काकू बोलल्या. त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्या म्हणाल्या, "माणसाचं सोडा. तुमचं कुत्रं अकरा वाजता जिनिंगकडं तोंड करून रडलं. मी सोताच्या कानानं आयकलं."

सगळ्या बायका कोपऱ्यात पोत्यावर पडलेल्या कुत्र्याकडे बघायला लागल्या. मग कोणीतरी मला विचारलं, "अन् तुमाले, मॅडम? तुमाले काहीच जाणवलं नाई?"

मी मान हलवली. त्यांना वाटलं, मला बोलवत नाही. एकीने पाठीवरून हात फिरवला. मला डोळ्यांसमोर ताटलीतली खिचडी दिसत होती.

हे कुत्रं यांनीच आणलेलं. आणलेलं म्हणजे, हे जायच्या नऊ वर्षं आधी एका संध्याकाळी गाडीच्या मागे मागे ते फाटकापर्यंत आलं. तांबूस, एक कान दुमडलेला, पोट खपाटीला गेलेलं. मी नको म्हणत होते. हे म्हणाले, "पाहुणा आहे दोन दिवसाचा. राहू दे." तेव्हापासून त्याला पाहुणाच म्हणायचे. माझ्याशी त्याचं वागणं बेताचं होतं. मी भाकरी टाकते, हे त्याला माहीत होतं, एवढंच. जीव यांच्यावर. संध्याकाळी हे यायच्या पाचेक मिनिटं आधी तो उठायचा, अंग झटकायचा आणि फाटकाशी जाऊन उभा राहायचा. मी गॅसवर चहाचं आधण ठेवायची ते त्याच्याकडे बघून. मी म्हणायची, याला आतून कळतं. हे म्हणायचे, "आतून गितून काही नाई. त्याले गाडीचा आवाज येते, आपल्याले येत नाही." एकदा मुद्दाम गाडी जिनिंगमध्ये ठेवून मित्राच्या स्कूटरवर आले. पाहुणा झोपलेला. यांना एवढा आनंद झाला की चहा थंड होईपर्यंत तेच सांगत होते.

पण काकूंचं बोलणं माझ्या मनातून जाईना. जिनिंग आमच्या घरापासून तीन किलोमीटर. तिथून काही आवाज आला नसणार. माणूस स्टुलावरून पडतो त्याचा आवाज कितीसा होतो? मग कुत्र्याला कळलं कसं? आणि त्याला कळलं तर एकतीस वर्षं एका ताटात जेवलेल्या मला का कळलं नाही?

भंतेजी येऊन पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, जमलेले नातेवाईक परतले, मुलगी पुण्याला गेली. घरात मी आणि तो. मी शाळेतून यायची, कुलूप उघडायची, दिवा लावायची. एका माणसाची भाजी किती करायची ते मला वर्षभर जमलं नाही, रोज उरायची. टीव्ही लावून ठेवायची, बघायची नाही. संध्याकाळची वेळ झाली की मी पाहुण्याकडे बघायची. तो फाटकाशी जात नव्हता. एकदाही गेला नाही. मला वाटायचं, याला सगळं कळलेलं आहे. कधीकधी मला त्याचा राग यायचा. एकदा मी त्याला मोठ्याने म्हणाले, "तुले समजलं होतं तर मले सांगितलं काहून नाही?" आणि स्वतःच्याच आवाजाने दचकले, कारण त्या दिवशी शाळेला सुट्टी होती आणि सकाळपासून मी बोललेलं ते पहिलंच वाक्य होतं.

मग एकेक आठवायला लागलं. शेवटचे आठ-दहा दिवस पाहुणा यांना सोडत नव्हता. हे खुर्चीत बसले की मांडीवर तोंड ठेवायचा, शर्ट हुंगायचा. सकाळी गाडीमागे पार सडकेपर्यंत पळायचा, पूर्वी तो फाटकावरूनच परतायचा. मी म्हटलं होतं, "तुम्ही त्याला बिस्किटं देता म्हणून लाडावलाय." हे हसले होते. तेव्हा यांची छाती दुखत होती का? मला माहीत नाही. बोलले असते असं नाही. औषधाची गोळी दिसली की तोंड फिरवणारा माणूस.

अशी दोनेक वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात पाहुणा माझ्या मागे मागे करायला लागला.

आधी मी लक्ष दिलं नाही. स्वयंपाकघरात गेले की उंबऱ्यात येऊन बसायचा. न्हाणीघरात गेले की दाराला अंग टेकून बसायचा. वह्या तपासत बसले की माझ्या पायावर डोकं ठेवायचा आणि पाय हलवला की लगेच उठायचा. नऊ आणि दोन अकरा वर्षांत त्याने माझ्याशी असं कधी केलं नव्हतं. एका संध्याकाळी मी खुर्चीत बसले होते, त्याने माझ्या मांडीवर तोंड ठेवलं आणि माझा पदर हुंगला. लांब, नीट, थांबून थांबून.

मी त्याचं डोकं बाजूला सारलं आणि उठून उभी राहिले.

त्यानंतर मला छातीत दुखायला लागलं. खरंच दुखत होतं की नाही ते आज सांगता येणार नाही, पण पायऱ्या चढताना मी थांबायची, डाव्या हाताला मुंग्या येतात का ते बघायची. मुलीला फोनवर काही बोलले नाही. बँकेची, पॉलिसीची कागदं एका पिशवीत भरली आणि पिशवी कपाटात पुढेच ठेवली, तिला पटकन सापडावी म्हणून. स्वच्छ पांढरी साडी इस्त्री करून ठेवली. विशेष म्हणजे मला फारसं वाईट वाटत नव्हतं. यावेळी तरी आधी कळतंय, एवढंच वाटत होतं.

सोमवारी रजा टाकली आणि यवतमाळला तपासून घ्यायचं ठरवलं. सकाळच्या गाडीने निघायचं म्हणून किल्ली काकूंकडे द्यायला गेले. त्या चुलीवर पाणी तापवत होत्या.

"एवढ्या सकाळी कुठं निघाल्या मॅडम?"

मी सांगितलं. पाहुण्याचंही सांगितलं. म्हटलं, "काकू, तुम्हीच म्हणाला होतात ना, याला कळतं. यांच्या वेळी हा रडला होता."

काकू बराच वेळ चुलीतलं लाकूड पुढे-मागे करत राहिल्या. मग म्हणाल्या, "बसा जराशा."

मी बसले.

"मॅडम, कुत्रं रडलं नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हंजे मले माहीतच नाही. मी त्या टायमाले घरी नव्हती. बाजारात गेलती. सगळ्या बाया काही ना काही सांगून राह्यल्या होत्या. कोणी सपन सांगे, कोणी दूध सांडलं सांगे. मले वाटलं, आपण काहीच नाही सांगितलं तर बरं नाही दिसत. मानूस एवढा चांगला होता. त्याच्यासाठी कुत्रं बी रडलं, असं म्हटलं तर तुमाले बरं वाटन."

दोन वर्षं मी त्या न रडलेल्या रडण्याशी स्वतःला मोजत होते. काकूंचे डोळे भरले होते. त्या म्हणाल्या, "रागावल्या का?"

"नाही," मी म्हटलं. खरं तर राग आला होता, पण त्या म्हाताऱ्या बाईकडे बघून तो टिकला नाही. मी विचारलं, "आणि बाकीच्यांचं? पातेलं, स्वप्न?"

"ते मले काय माहीत? ज्याचं त्याले."

तरी मी यवतमाळला गेले, कारण शेवटच्या आठ दिवसांतलं मांडीवरचं तोंड मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. वणीला गाडी बदलली. दवाखान्यात माझ्या आसपास प्रत्येकाबरोबर कोणीतरी होतं. नर्सने विचारलं, "सोबत कोण आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही." तिने ते फॉर्मवर लिहिलं. कार्डिओग्राम झाला, सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, "बाई, हार्ट एकदम नॉर्मल आहे. थोडं चालत जा." रक्ताचे रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आले. त्यातही काही नव्हतं. आनंद व्हायला हवा होता. त्या दिवशी येताना गाडीत खिडकीशी बसून मी बाहेर कापसाच्या पऱ्हाट्या बघत होते आणि मला फसवल्यासारखं वाटत होतं.

घरी आले तेव्हा पाहुणा पायऱ्यांवर बसला होता, तोंड माझ्याकडेच. मी फाटक उघडलं. कडी वाजली, फाटक कुरकुरलं. तो हलला नाही. मी पाच-सहा पावलं आत आले तेव्हा त्याने नाक वर केलं, हवा हुंगली, आणि एकदम धडपडत उठून माझ्या दिशेने आला. येताना जास्वंदीच्या कुंडीला धडकला.

दुसऱ्या दिवशी त्याला रिक्षात घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर मूळचे वर्धेकडचे, वयाने माझ्याएवढे. त्यांनी त्याच्या डोळ्यांत टॉर्च मारला. मग त्याच्या मागे जाऊन स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. मी दचकले, पलीकडची शेळी दचकली, पाहुणा तसाच उभा.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कानही गेलेत," डॉक्टर म्हणाले. "कधीपासून असं आहे?"

मला सांगता आलं नाही. रोज एकाच घरात राहून मला सांगता आलं नाही.

"वय झालं त्याचं. हळूहळू झालं असणार," ते म्हणाले. "वास तेवढा येतो त्याला. त्या वासावर तो तुम्हाला धरून राहतो. तुम्ही सुटलात की त्याच्यासाठी सगळं घर सुटलं."

म्हणजे माझी खुर्ची, माझा पदर, न्हाणीघराचं दार, सगळं त्याच्या भीतीचं होतं. मी मात्र ते माझ्या मरणाचं समजून साडीला इस्त्री करून बसले होते.

मी डॉक्टरांना यांच्याबद्दल विचारलं. शेवटचे आठ दिवस, शर्ट हुंगणं. ते म्हणाले, "आजारी माणसाच्या घामाचा वास बदलतो, कुत्र्यांना तो येतो, असं म्हणतात. असेलही. इतकी वर्षं जनावरांत काढली मी. गाय गेल्यावर लोक येऊन सांगतात, तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तिला कळलं होतं. आधी येऊन सांगणारा मला अजून कोणी भेटला नाही." मग म्हणाले, "तुमच्या साहेबांच्या बाबतीत काय होतं ते मी कसं सांगू?"

मला ते उत्तर आवडलं. उत्तर नव्हतंच ते, पण त्यात कोणी माझं समाधान करायला बघत नव्हतं.

त्या रविवारी मुलीचा फोन आला तेव्हा मी तिला पहिल्यांदा सांगितलं की तिचे बाबा गेले त्या वेळी मला काहीही जाणवलं नव्हतं. मी मजेत होते. ती म्हणाली, "आई, मी त्याच्या आदल्या रात्री उशिरा झोपले होते गं. म्हणून कसंतरी होत असेल." ती म्हणाली, रिटायर झालीस की इकडे ये. मी म्हटलं, तिसऱ्या मजल्यावर आंधळं कुत्रं कुठे नेऊ? बघू.

आता मी घरात काही हलवत नाही. खुर्ची, टेबल, पाण्याची घागर, सगळं जागच्या जागी. त्याच्याजवळ जायच्या आधी फरशीवर दोनदा पाय आपटते, म्हणजे त्याला हादरा कळतो. शाळेत निघताना अंगावरचा जुना स्कार्फ त्याच्या पोत्यावर ठेवते. संध्याकाळी आम्ही सडकेपर्यंत चालतो, तो माझ्या पिंढरीला खांदा लावून. लोकांना वाटतं, केवढा जीव आहे त्याचा बाईवर.

परवा नळाला पाणी कमी म्हणून नवा प्लास्टिकचा ड्रम आणला आणि अंगणात मोरीजवळ ठेवला. पाहुणा त्याला धडकला, मागे सरला, पुन्हा धडकला आणि तिथेच बसून राहिला. मी ड्रम ओढत भिंतीशी नेला. तिथे पाइप पुरत नाही. पाणी बादलीने नेऊन भरते.