मावशींचा तांब्या

तहान लागली की ज्वारीतली दोन प्रथिनं एकमेकांना भेटतात, असा माझा दावा होता आणि पीएचडीचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. ही भेट पकडायची युक्ती मला फार आवडायची. चमकणाऱ्या एका प्रथिनाचे दोन तुकडे करायचे, एकेक तुकडा दोघांच्या गळ्यात बांधायचा. दोघं जवळ आली की तुकडे जुळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पिवळाधमक उजेड पडतो. त्यासाठी दोघांची जनुकं बिनसुईच्या सिरिंजनं तंबाखूच्या पानात सोडायची (असल्या प्रयोगांना ज्वारीपेक्षा तेच पान सोपं), रोपाचं पाणी तोडायचं आणि वाट बघायची.

तीनदा केलं. तीनदा काळाकुट्ट अंधार. मी सूक्ष्मदर्शकाला शिव्या घातल्या, प्रथिनांना घातल्या, सोलापूरच्या उन्हालाही सोडलं नाही. सर म्हणाले, "अजून एकदा करा. नाही जमलं तर हे प्रकरण गाळू."

चौथ्या खेपेला एका सकाळी लवकर गेले, तर प्रयोगशाळा झाडणाऱ्या मावशी भरला तांब्या घेऊन माझ्या रोपांपाशी उभ्या. कुंडीवर मी ठळक अक्षरांत चिठ्ठी लावली होती, 'पाणी घालू नये.'

"मावशी! चिठ्ठी वाचली नाही का?"

"वाचली की. पर ताई, माना टाकल्या व्हत्या वो त्यांनी. मला न्हाय बघवत. रोज वाईच घालते."

रोज! माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. मावशींची होटगी गावाकडं कोरडवाहू ज्वारी. सुकलेल्या रोपापुढून रिकाम्या हातानं जाणं त्यांना जमणारच नव्हतं. भांडायला तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. माझ्या बिचाऱ्या प्रथिनांना कुणी तहान लागूच दिली नव्हती.

नवी रोपं मांडली, मावशींना तहानेची नि भेटीची गोष्ट समजावली आणि तांब्या कपाटात कुलूपबंद केला. मावशी रोपांकडे पाठ करून झाडायच्या आणि जाताना माझ्याकडे असं बघायच्या, की मीच कसाई.

शेवटी एका दुपारी पडदे ओढले, पान काचेवर ठेवलं आणि डोळा लावला. उजेड! ठिपक्याठिपक्यांनी पिवळा उजेड! मी किंचाळले, एकटीच नाचले, मावशींना हाताला धरून ओढत आणलं.

त्यांनी बराच वेळ डोळा लावला. "व्हय की! भेटली जणू."

"भेटली, मावशी! प्रकरण वाचलं माझं!"

"लई ब्येस झालं," त्या म्हणाल्या आणि कपाटाकडे बघितलं. "मग आता तरी पानी घालू का?"

मी किल्ली शोधायला धावले.