आमच्या विहिरीचे दगड

त्या दिवशी सकाळी भागानं माझ्या पायातला नारू काडीवर अर्धा वेढा ओढला. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

नारू ज्याला झाला न्हाई त्याला सांगून कळायचं न्हाई. दोऱ्यासारखा किडा असतो. पाण्यातून पोटात जातो आन वर्षभरानं पायातून बाहेर निघतो. आधी फोड येतो, फोड फुटतो, मंग पांढरं टोक दिसतं. ते टोक बारीक काडीला गुंडाळायचं आन रोज थोडं थोडं ओढायचं. घाई केली की तुटतो. तुटला की आत सडतो, पाय सुजतो, माणूस जल्माचा लंगडा. म्हणून भागा माझा पाय मांडीवर घ्यायची, कोमट पाण्यानं शेकायची, काडी जराशी फिरवायची आन माझ्या तोंडाकडं बघायची. मी तोंड वाकडं केलं की तिथंच थांबायची.

त्या दिवशी मीच म्हणलो, "आजून एक वेढा घे. कटाळा आला."

"तुटंल. तुमाला कसली जल्दी? दुसरं लगीन करायचंय का?"

"तूच बघ एखादी. पाणी भरणारी."

"पाणी भराया मी हाय ना."

काडी तिनं चिंधीनं पायाला बांधली. घागर उचलली आन गेली. दुपारी तिला बाजंवर टाकून आणली.

ती पाण्याला कुठं गेल्ती आन का गेल्ती, ते सांगायसाठी हे लिहायला बसलो. दोन बुकं शिकलेला मी न्हाई. अक्षरं म्हातारपणी शिकलो, ती गेल्यावर. का शिकलो ते बी त्यातच येईल.

आमचं गाव अंबडच्या अंगाला. तवा आपण हैदराबाद राज्यात होतो. मंग मुंबई राज्य झालं, आता महाराष्ट्र झाला म्हणतात. निजाम गेल्ता, निवडणूक झाल्ती. भागा मत टाकायला धुवट लुगडं नेसून गेल्ती. परत येताना म्हणली, आता राज्य आपलं हाय. मी बी तसंच समजलो. गावात पंचायत आली. शिवाशिव कायद्यानं बंद झाली असं चावडीवर वाचून दाखवलं. गावविहिरीवर आमची घागर मात्र चालत नव्हती. त्या कायद्याची कुणाला जल्दी नव्हती.

आमच्या वस्तीला, म्हंजी गावकुसाबाहेरच्या म्हारवाड्याला, जुनी बारव होती. दगडी पायऱ्यांची. उतरायचं, घागर बुडवायची, वर यायचं. पाण्यासाठी कुणाच्या तोंडाकडं बघायचं काम न्हाई.

मंग सरकारचा एक माणूस आला. त्यानं सांगितलं, तुम्ही पाय बुडवून पाणी भरता, नारू त्यातनंच पसरतो. बारवंच्या पायऱ्या बंद करायच्या, वर भिंत घालायची, रहाट बसवायचा. मला ते बिलकुल पटलं. दर उन्हाळ्याला वस्तीत कुणी ना कुणी खाटंवर पडायचं. पण बारवंवर रहाट बसला की ती गावाच्या ताब्यात जाणार आन रहाटाला आमचा हात चालणार न्हाई, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या माणसाला बी ठाऊक होतं. म्हणून तो म्हणला, तुमच्या वस्तीसाठी येगळी विहीर धरली हाय, दोन्ही कामांचा खर्चा मंजूर हाय. वस्तीच्या कडंला जागा बघून त्यानं चुन्यानं गोल खूण केली.

भागानं त्या गोलाभोवती धोंडे मांडले, शेळ्यांनी तुडवू नये म्हणून. पुढं घडीव दगडाच्या गाड्या आल्या आन तिथंच खाली झाल्या. त्या ढिगावर बसून ती भाकर खायची. बायांना म्हणायची, "या गं, बसा माझ्या विहिरीवर."

एक दिवस सांजच्याला निरोप आला, आत्ताच्या आत्ता सभा हाय. मोठे साहेब येणार होते. ते यायच्या आत बारव बंद झाली पाहिजे, साहेबांच्या हातानं रहाट फिरला पाहिजे. भागा मला म्हणली, "जाऊन एवढंच इचारा. आधी विहीर का आधी भिंत."

मारुतीच्या पारावर गाव बसलं. आम्ही खाली धुळीत. पंचायतीच्या कारकुनानं ठराव वाचला. कुणी काठी घेऊन मागं लागल्यावर वाचावा तसा वाचला. मोठाले शब्द. आमच्यातल्या एकाला बी कळला न्हाई. पारावरच्या कितीकांना कळला, ते बी देव जाणे. मंग सरपंच म्हणले, "हात वर करा."

आता आमची कथा अशी की आमच्यात हात वर करायचा एकच अर्थ. कामाला हजर. बापजाद्यांपासनं. पाटलाचा माणूस वस्तीत यायचा, उद्या वेठीला कोण कोण म्हणायचा, आन माणसं हात वर करायची. वस्तीतल्या लोकांना वाटलं, भिंतीच्या कामाला माणसं पाहायलेत. भराभर हात वर झाले. राहिला एकटा मी. माझ्या पायात नारू, मी काय काम करणार. मी हात खालीच ठेवला.

"एक हात खाली हाय," कारकून म्हणला.

सरपंचांनी वाकून बघितलं. "कोण, लंगडा का? पायाबराबर हात बी गेला का रे म्हाताऱ्या?"

गाव हसलं. माझ्या बाजूचे बी हसले.

मी काठीवर उभा राह्यलो. "मालक, एक इचारायचं होतं. आधी आमची विहीर का आधी भिंत?"

"वाचता येतं का तुला?"

"न्हाई."

"मंग ठरावात काय लिव्हलंय ते तुला काय कळणार? पैसा सरकारचा, कायदा सरकारचा. तुझ्या बापानं कधी सरकारला सवाल केल्ता का? बस खाली." मंग पारावरच्यांकडं बघून म्हणले, "ह्याला नारूची सवय लागली. बारव सोडवंना."

परत हसले. मागच्यानं माझं धोतर धरून मला खाली बसवलं. तो माझ्या चुलत्याचा पोरगा होता.

भिंत जल्दी झाली. श्रमदान म्हणून आमचीच माणसं राबली. ज्या पायऱ्यांवरनं आमच्या आया उतरल्या त्या आमच्याच हातांनी बुजवल्या. मंग एका सकाळी त्या गाड्या परत आल्या, चुन्याच्या खुणंपाशी. दगड भरायला लागल्या. भागा पळत गेली.

"अरे, कुठं चालवली माझी विहीर?"

गाडीवान म्हणला, "म्हातारे, साहेब कमानीखालून येणार हाईत. विहिरीतून येणार न्हाईत."

गावाच्या तोंडाला कमान करायचं ठरलं होतं. साहेबांच्या नावाची पाटी लावून. मी तसाच लंगडत सरपंचांच्या दारात गेलो. ते सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणले, "ठरावात सगळं लिव्हलंय. आधी बारव. मंग साहेबांचं स्वागत. विहीर पुढं कधी जमंल तशी. वाचून दाखवलं होतं का न्हाई? तुमच्याच माणसांनी हात वर केले होते का न्हाई?"

हात वर झाले होते, हे खरं होतं.

तवापासनं आमच्या बाया भिंतीखाली घागरी मांडून बसायच्या. रहाटाला हात लावायचा न्हाई. वर कुणाला दया आली तर तो ओतणार. कुणी ओतायचं, कुणी आपली घागर भरून निघून जायचं, कुणी मुद्दाम उंचावरनं ओतायचं, बाई भिजावी म्हणून. भागा घरी येऊन म्हणायची, "नारू बरा होता. नारूपुढं पदर पसरावा लागत न्हवता."

त्या दिवशी म्हंजी साहेब यायच्या आदल्या दिवशी सगळं गाव मांडवाच्या कामाला. रहाटावर ओतायला कुणीच न्हाई. बाया वाट बघून परतल्या. भागा परतली न्हाई. घरात माझा पाय शेकायला पाणी नव्हतं. ती एका शेतातल्या विहिरीवर गेली. तिथं उतरायला पायऱ्या न्हाईत, बांधकामातनं दगडाची टोकं बाहेर काढलेली, त्यावर पाय देत उतरायचं. ते तरण्या गड्याचं काम. उन्हाळ्यानं पाणी तळाला गेलेलं, खाली नुसता खडक. तिथं तिचा पाय निसटला.

बाजंमागं सरपंच आले. मला वाटलं, दोन शब्द बोलतील. ते म्हणले, "सांजच्या आत उरका."

मी म्हणलो, "लेक भोकरदनकडं दिलीय. सांगावा धाडलाय. सकाळपर्यंत येईल."

"सकाळी साहेब हाईत. रस्त्यावर रडारड नको."

"आईचं तोंड बघंल पोरगी."

"आता काय बघायचं राह्यलंय त्यात?"

विहिरीच्या मालकाचा बी निरोप आला. विहीर बाटली, उपसून द्या. आमचीच माणसं उपसायला गेली. इकडं मातीला खांदा द्यायला माणूस कमी पडला. दिवस मावळायच्या आत भागाला मूठमाती दिली. जल्दी जल्दी. ठराव वाचला तशी. लेक आली तवा तिला ओली माती दाखवली.

मला राग सरपंचांचा आला, तेवढाच माझ्या लोकांचा आला, आन सगळ्यात जास्त त्या मताच्या दिवसाचा आला. निजामाचा माणूस लाथ मारायचा तवा आम्ही त्याला आपला म्हणत नव्हतो. हे राज्य माझ्या बायकोनं धुवट लुगडं नेसून आणलं होतं. आपल्यांनीच आपल्या दगडाची कमान केली.

लोक मला अजून म्हणतात, जाऊ दे म्हाताऱ्या, नारू तर कमी झाला ना. झाला. मी कुठं न्हाई म्हणतो. बारव बंद करणं बराबर होतं. पण आमची विहीर आधी खांदली असती तर नारू बी गेला असता आन भागा बी राह्यली असती. एवढं कळायला बुकं लागत न्हाईत. मंग ते तिथं कुणाला का कळलं न्हाई? कळलं होतं. इचारणारा नको होता. घाई करतात ती त्याच्यासाठी करतात, मधी कुणाला तोंड उघडायला सवड मिळू नये म्हणून.

आन पैसा सरकारचा म्हणतात. सरकारच्या बापानं पुरून ठेवला होता का? काडीपेटी घेतली तरी त्यात सरकारचा वाटा असतो, हे मला नंतर कळलं. चूल भागा पेटवायची. म्हंजी त्या कमानीत तिचा बी पैसा होता. ज्याच्या चुलीतनं पैसा जातो त्यानं इचारायचं न्हाई तर कुणी इचारायचं? म्हणून मी अक्षरं शिकलो. आता सभेत ठराव वाचला की मी म्हणतो, परत वाचा. परत वाचला की म्हणतो, कागद माझ्या हातात द्या. बोट ठेवून वाचतो. लई टाइम लागतो. लोक कुरकुरतात, शिव्या देतात. मी वाचतो. आमच्या वस्तीत आता कुणी समजल्याबिगर हात वर करत न्हाई. आमची विहीर अजून झालेली न्हाई. मी अजून इचारून राह्यलो.

ते सगळं सुरू झालं भागाला माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी.

उठलो. काडी तिनं बांधली तशीच पायाला होती. चिंधी सोडली. शेकायला पाणी नव्हतं. तसाच कोरडा अर्धा वेढा फिरवला. थांबलो. तोंडाकडं बघणारं कुणी नव्हतं, म्हणून आपलं आपणच थांबलो. तुटला न्हाई. चिंधी परत बांधली आन काठी घेऊन गावात गेलो.

मांडव कमानीला लागून होता. साहेब बोलत होते. सरकारनं तुमच्यासाठी काय काय केलं ते सांगत होते. गाव टाळ्या वाजवत होतं. मी कमानीखाली जाऊन उभा राह्यलो. एका हातानं काठी धरली आन दुसरा हात वर केला.

सरपंचांनी बघितलं. हळूच म्हणले, "आज कामाला माणसं नकोत. हात खाली घे."

"कामाला न्हाई आलो," मी म्हणलो. मोठ्यानं म्हणलो. टाळ्या थांबल्या. "साहेब, हे कमानीचे दगड आमच्या विहिरीचे हाईत. कुणाला इचारून इथं बसवले ते सांगा. आन तो ठराव परत वाचा. हळू वाचा."

"दुखवट्यातला हाय साहेब, डोकं फिरलंय त्याचं," सरपंच म्हणले.

साहेबांनी घड्याळ बघितलं. कारकून उठून माझ्यापाशी आला. "चल हो बाजूला. साहेबांना टाइम न्हाई."

"मला हाय," मी म्हणलो.

हात खाली घेतला न्हाई.