स्टेजवरची राईस मिल

कार्यक्रम आटोपला की आम्ही वायरी गुंडाळायला बसतो आणि किस्से सुरू होतात. वायरी संपतात, किस्से काही संपत नाहीत! माझा कामठ्यात साऊंड सिस्टिमचा धंदा. खेमराज माझा शाळेपासूनचा दोस्त, पण तो कंपोजर. व्हायोलिन-चेलोवाल्यांसाठी रचना लिहितो आणि लॅपटॉपवरून त्यात बेडकांचे, मशिनींचे आवाज मिसळतो. त्याला 'वा' पाहिजे होती एकाच माणसाची, बापाची. टिकाराम काकाजी तीस वर्षं राईस मिलचे ऑपरेटर. लॅपटॉप वाजला की त्यांचं एकच, "बंद कर ना बे ते!"

*

खेमराजला बघायला पाहुणे आले. "पोरगा का करते?"

"म्युझिक," काकाजी म्हणाले.

"बँडमध्ये?"

"नाही."

"डीजे हाय?"

"नाही."

"मंग भजनात?"

काकाजींनी घाम पुसला. "लॅपटॉप दुरुस्त करते!"

लग्न जमलं! वहिनीच्या माहेरचे बिघडलेले लॅपटॉप अजून येतात.

*

खेमराजला दरेकसा स्टेशनवर गाडी गेल्यानंतरची शांतता रेकॉर्ड करायची होती. माईक लावून बसलो, तर मोहफुलांची टोपली घेऊन एक आजी आली. "का करून राहिला रे?"

"आजी, शांतता रेकॉर्ड करून राहिलो," खेमराजनं समजावलं.

"मंग बोलून कायले राहिला?"

ते रेकॉर्डिंग त्यानं आजीसकट वापरलं.

*

चिचगडच्या एका लग्नात स्पीकर टेस्ट करायला मी खेमराजचीच रचना लावली. आठव्या मिनिटाला नवरीचे मामा धावत आले. "भाऊ, मशीन बिघडली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खेमराज मात्र खूश! "अबे, मामानं आठ मिनिटं ऐकलं ना!"

*

मग काकाजींच्याच मिलमध्ये आवाज रेकॉर्ड करून यानं रचना केली आणि ती थेट परदेशातल्या महोत्सवात वाजली. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवतोय! यानं तिथूनच बापाला व्हिडिओ कॉल लावला.

काकाजींनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "उभे काऊन हायेत? खुर्च्या कमी पडल्या का?"

आम्ही इकडे शिट्ट्या मारत होतो. स्क्रीनवर याचा चेहरा मात्र एवढासा झाला.

*

मागच्या हिवाळ्यात तीच रचना गोंदियात ठेवली. चार वादक पुण्याहून आलेले, हॉल फुल्ल. पहिल्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात काकाजी. स्पीकरमधून मिल सुरू झाली, व्हायोलिन चढायला लागलं, आणि काकाजी ताडकन उभे!

"थांबव! मशिनीचा पट्टा घसरून राहिला!"

खेमराजनं वादकांना थांबवलं, हेडफोन कानाला लावला आणि नीट ऐकलं.

"हो बाबा," तो माईकवर म्हणाला. "हा पट्टा बदलायच्या आदल्या दिवशीचा आवाज हाय."

"मंग नवा लाव!"

नव्या पट्ट्याचंही रेकॉर्डिंग होतं त्याच्याकडे. ते लावलं. मिल एका लयीत फिरायला लागली. काकाजी डोळे मिटून उभे, आणि अख्खा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघून राहिला.

काकाजींनी मान हलवली आणि खुर्चीवर बसले.

"हं. आता वाजव!"