चौऱ्याहत्तर मिनिटांची सुटका

गल्लीत सगळे त्याला भिंगोबा म्हणत. चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापाने घासून बसवणं हा त्याचा धंदा, त्यामुळे हे नाव चिकटलं आणि त्यानेही कधी तक्रार केली नाही. वय सेहेचाळीस, लग्नाचं राहून गेलेलं, अंगाने किरकोळ, आणि कामात असा चोख की काच फ्रेममध्ये बसली की कडेला केसभर फट दिसायची नाही. फटीचा त्याला मनापासून तिटकारा होता. बायफोकलच्या काचेतली ती आडवी रेघ दिसली की त्याचं तोंड वाकडं व्हायचं. "माणसाच्या डोळ्यासमोर कशाला हवी ही कुंपणाची तार?" म्हणायचा.

घरात दोनच माणसं. तो आणि त्याचे बाबा. बाबा म्हणजे बस डेपोतले टाइमकीपर. एकतीस वर्षं खिडकीत बसून कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली, हे लिहीत आलेला माणूस. बोलणं मोजकं, आवाज खणखणीत. चार वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करता करता कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. शब्दांच्या जागी उरला एक आवाज, आ आ असा. तो मात्र पूर्वीइतकाच खणखणीत.

दवाखान्यातून घरी आणल्यावर भिंगोबाच्या नाकी नऊ आले. तो खोलीबाहेर पडला रे पडला की बाबांचं आ आ सुरू. स्वयंपाकघरात गेला, आ आ. दारात दूधवाला आला, आ आ. सांभाळायला एक बाई ठेवली, ती चौथ्या दिवशी गेली. दुसरी तर दुसऱ्याच दिवशी चप्पल हातात घेऊन पळाली. तो ज्या चष्म्याच्या दुकानात कामाला होता तिथल्या मालकीणबाई भल्या, त्यांनी घासणीचं जुनं यंत्र घरी नेऊ दिलं. "घरूनच करा काम," म्हणाल्या. पुढच्या खोलीत यंत्र, मागच्या खोलीत बाबा, आणि मधे दिवसातून पन्नास वेळा पळणारा भिंगोबा.

एक दिवस मात्र तो टेकीला आला. कपाटावरून एक जुना खोका काढला. त्यात होत्या गाण्यांच्या तीन डिस्क. तरुणपणी पहिल्या पगारातून घेतलेल्या, कुणा एका डीजेने सलग जुळवलेल्या. पहिली संथ, दुसरी जरा चालीवरची, तिसरी चांगली धडधडणारी. ही गाणी म्हणजे त्याचा जीव की प्राण होती. शब्द जवळजवळ नाहीतच. एक ठेका सुरू होतो, त्याच्याखाली दुसरा हळूच येऊन बसतो, आणि पहिला कधी उठून गेला ते कळतसुद्धा नाही. कुठे सांधा म्हणून सापडायचा नाही. काच बसवावी तर अशी बसवावी, असं त्याला वाटायचं.

बाबांना अर्थात ते सगळं म्हणजे डोक्याला ताप. "अरे, हे गाणं संपतं तरी कुठे?" असं ते त्या काळी ओरडायचे. "माणसाने टाळी कधी वाजवायची आणि उठायचं कधी?" मग हा डोक्याला हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून बसायचा. घरात त्या विषयावर दोन वर्षं अबोला होता म्हटलं तरी चालेल.

तर त्या दिवशी त्याने बाबांच्या खोलीतच प्लेअर लावला. बाबांसाठी नव्हे हो, स्वतःसाठी. आता तुमचं आ आ मला ऐकायचंच नाही, एवढाच त्याचा हिशेब. पहिली डिस्क घातली, "हे संपेपर्यंत मी येणार नाही" म्हणून बटण दाबलं, आणि पाय आपटत पुढच्या खोलीत जाऊन यंत्र सुरू केलं. आणि काय सांगावं, मागून हूं नाही की चूं नाही. पाच मिनिटं झाली, अर्धा तास झाला. चौऱ्याहत्तर मिनिटांनी डिस्क संपली तेव्हा हा घाबरत घाबरत आत गेला. बाबा जागे, शांत. त्याच्याकडे बघून तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून हसलेसुद्धा. त्याने पाणी पाजलं, कूस बदलली, दुसरी डिस्क घातली. पुन्हा एकाहत्तर मिनिटं शांतता.

भिंगोबा हरखून गेला. अख्ख्या गल्लीला सांगत सुटला, "आमच्या बाबांना माझी गाणी आवडायला लागली!" ज्या गोष्टीवरून बापाने आयुष्यभर नाकं मुरडली तीच त्याने शेवटी कवटाळली, याचं त्याला केवढं अप्रूप. डॉक्टर म्हणायचे, दिवसा थोडं झोपू द्या त्यांना. हा म्हणायचा, "झोपतायत कसले, गाण्यात रंगलेले असतात."

असं चार वर्षं चाललं. जिला तो देणगी समजला होता तिचं दावं कधी झालं ते कळलं नाही. बाजार चौऱ्याहत्तर मिनिटांत. केस कापायला जायचं तर एकाहत्तर मिनिटांत, आणि पुढे चार गिऱ्हाईकं बसलेली दिसली की तसाच माघारी. एकदा मित्राच्या मुलीच्या लग्नाला गेला आणि नवरी मांडवात यायच्या आत निघून आला. रस्त्याने चालतानाही त्याच्या डोक्यात डिस्क चालूच. आता ग्लासवर ग्लास आपटल्याचा आवाज, म्हणजे एक्केचाळीस मिनिटं झाली. आता ती बाई गुणगुणायला लागली, म्हणजे सातच उरली, पळ. खरं सांगायचं तर त्या गाण्यांचा त्याला वीट आला होता. पण बाबांना आवडतात ना, मग बोलायचं कुणाला?

आणि मग मालकीणबाईंचा फोन आला. त्या नवी शाखा काढत होत्या, घासणीचं नवं यंत्र आलं होतं, आणि तिथल्या कामाला मुख्य माणूस हवा होता. दहा ते सहा. "तुमच्या हाताची सर कुणाला नाही. पण आधी अर्धा दिवस या, यंत्र चालवून दाखवा. शुक्रवारी दोन ते पाच. आणि हे बघा, जमणार नसेल तर आत्ताच सांगा. मग मी दुसरा माणूस घेईन आणि तो घासणार सगळंच. घरी काम पाठवायला काही उरणार नाही."

म्हणजे झालंच की. हे साधलं तर बाहेरचं जग, चार माणसांत बसणं, दुपारचा चहा कुणाशी तरी बोलत पिणं. हुकलं तर मागची खोली, पुढची खोली.

दोन ते पाच, जायला-यायला पंधरा-पंधरा मिनिटं, म्हणजे साडेतीन तास. तीन डिस्क मिळून होत होते तीन तास अडतीस मिनिटं. जागच्या जागी उडी मारली त्याने! फक्त प्लेअरमध्ये डिस्क बदलायला माणूस लागतो, तेवढी अडचण. त्याने थोरल्या बहिणीला फोन लावला.

"ताई, तुझ्या ऑफिसात तिन्ही डिस्क एका पेनड्राइव्हवर घालून देतील का? पण एक सांग त्यांना, मधे फट ठेवायची नाही. पहिलीचा शेवट दुसरीच्या सुरुवातीत मिसळून टाकायचा. कुठे थांबलं असं वाटताच कामा नये."

"थांबलं तर काय बिघडतं रे?"

"बिघडतं. थांबलं की बाबा आ आ करतात. मला ठाऊक आहे ना."

ताईने पेनड्राइव्ह पाठवला, बरोबर एक लहान स्पीकरही. जोड इतकी सुरेख झाली होती की भिंगोबाने तीनदा ऐकली. शेजारच्या काकूंना किल्ली दिली, साडेतीनला एकदा डोकावून जा म्हणून सांगितलं, आणि शुक्रवारी पावणेदोनला बटण दाबून निघाला.

नव्या शाखेत त्याने कमाल केली. यंत्र पहिल्यांदाच बघत होता, पण अर्ध्या तासात ते असं हाताखाली घेतलं की मालकीणबाई मागे उभ्या राहून बघतच राहिल्या. त्यांच्या सांगण्यावरून फोन बंद करून ठेवला होता. तीन तासांत त्याला गाणं आठवलंच नाही. चार वर्षांत प्रथमच डोक्यात सामसूम. पाचला बाई म्हणाल्या, "सोमवारी दहाला या." तो पायऱ्या दोन-दोन करून उतरला.

सव्वापाचला दार उघडलं तर घरात गाणं नाही. आठ मिनिटं उरायला हवी होती. तो चपलेसकट मागच्या खोलीत धावला.

बाबा पलंगावर होते, ठीक होते. डोळे रडून सुजलेले, डाव्या हाताची बोटं पलंगाच्या लोखंडावर आपटून सोललेली. शेजारी काकू स्टूल घेऊन बसलेल्या. त्याला बघताच कडाडल्या.

"किती फोन केले तुला! अरे, मी साडेतीनला आले तर हे हंबरडा फोडून रडतायत. मला वाटलं, गाणं नीट ऐकू येत नसेल, म्हणून आवाज वाढवला. तर जास्तच! शेवटी वैतागून बंद केलं मी. आणि काय सांगू, एकदम गप्प. डोळे दाराकडे. मी म्हटलं, आता बरं वाटतंय वाटतं. दहा मिनिटं तसेच बघत राहिले आणि मग पुन्हा सुरू."

"पण गाणं तर चालू होतं ना, काकू..."

"अरे शहाण्या, गाणं कोण ऐकतंय इथे? गाणं संपलं की तू येतोस. एवढं एकच त्यांना कळतं. आज ते संपेच ना!"

भिंगोबाला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. तरी विश्वास बसेना. शनिवारी सकाळी त्याने पहिली डिस्क प्लेअरमध्ये घातली, नेहमीसारखा बाहेर गेला, आणि दाराच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. चार वर्षांत हे त्याने कधीच केलं नव्हतं. करणार कसा? डिस्क लागली की तो पळालेला असायचा.

बाबा प्लेअरकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते. ग्लासचा आवाज आला तेव्हा डाव्या हाताचा अंगठा एका बोटावरून दुसऱ्यावर गेला. पापणी जड होऊन मिटायची, की ते दचकून डोळे ताणायचे. सदुसष्टाव्या मिनिटाला ती बाई गुणगुणायला लागली आणि बाबांची लगबग सुरू झाली. पालथ्या हाताने हनुवटीवरची लाळ पुसली. कॉलर सारखी केली. कपाळावरचे केस मागे सारायला गेले, हात पोचेना, पुन्हा प्रयत्न केला. गाणं विझत गेलं तसं तोंडाच्या कोपऱ्यात ते हसू तयार करून ठेवलं.

गाणं थांबलं.  भिंगोबा आत गेला, पलंगाशी बसला.

"बाबा, हे गाणं आवडतं तुम्हाला?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"आधीही नाही? कधीच नाही?"

नाही.

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता तो ढसाढसा रडला. चार वर्षं आपण गावभर काय मिरवत होतो, याची लाज वाटली. त्याहून जास्त, त्या माणसाला आपण रोज साडेतीन साडेतीन तास दाराशी ताटकळत ठेवलं, याची.

ताईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मग सोपं आहे. शेवटचा तो गुणगुणण्याचा तुकडा कापून टाकू. पहिल्या तासाभराचंच पुन्हा पुन्हा चालू ठेव दिवसभर. संपत आल्याची खूणच आली नाही म्हटल्यावर वाट बघत पडून राहतील." चालेलही कदाचित, हे त्याला कळत होतं. म्हणूनच तो तिच्यावर असा खेकसला की तिने फोन ठेवला.

शनिवार-रविवार त्याने गाणं लावलंच नाही. हातातल्या फ्रेमा घेऊन मागच्या खोलीतच बसला. रविवारी दुपारी मान वर करून पाहिलं तर बाबा गाढ झोपलेले. तीन तास झोपले. तो बघत राहिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आता सोमवारी सरळ सांगायचं, समजतील ते, असं त्याने ठरवून टाकलं. काकू एक वाजता येणार होत्या, चारला पुन्हा. हळूहळू सवय होईल. सगळ्यांनाच होते.

सोमवारी सव्वानऊला तो इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाशी टेकला. "बाबा, मी कामाला चाललोय. सहा वाजता येईन. मधे येणार नाही, पण सहाला नक्की." बाबांनी त्याचा हात डाव्या हातात घेतला. ते ऐकत होते. तो यंत्राबद्दल सांगत राहिला, बाई काय म्हणाल्या ते सांगत राहिला, आणि सांगता सांगता बघतो तर बाबांचे डोळे मिटलेले. तो शेजारी बसलाय म्हटल्यावर त्यांना झोप लागली होती. सकाळी सव्वानऊला, रात्रीची पुरी झोप झाल्यावरसुद्धा. चार वर्षांची थकबाकी होती ती.

साडेनऊ झाले. निघायला हवं होतं. हात सोडवणं काही अवघड नव्हतं, पकड सैल होती. फक्त सोडवला असता तर डोळे उघडले असते, आणि ते दाराकडे वळले असते, आणि मग सहा वाजेपर्यंत तिथेच राहिले असते. पावणेदहा झाले. त्याला बापाचा असा राग आला, असा राग आला, की दात आवळून तो खिडकीकडे बघत बसला. हात तसाच राहू दिला.

दहा वाजून दहा मिनिटांनी फोन थरथरला. मालकीणबाई.

"अहो, कुठे आहात? येताय ना?"

"बाई," तो कुजबुजला, "जरा ऐका..."

"काय? काही ऐकू येत नाही. मोठ्याने बोला."

बाबांचा श्वास संथ चालला होता. तो आणखी हळू आवाजात काहीतरी म्हणाला.

"मोठ्याने बोला हो! येताय की नाही तेवढं सांगा."

त्याने एकदा झोपलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. पलीकडून बाई दोनदा हॅलो हॅलो म्हणाल्या आणि मग फोन बंद झाला. त्यांनी पुन्हा केला नाही.